घर विकण्यापूर्वी ते किती सजवावे?

पत्राचा सारांश : पुण्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या वडिलांनी 1986 साली कोथरूडमध्ये घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट आता विकायचा आहे. इमारत तीन मजली, फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. 78 वर्षांच्या आईंना गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, म्हणून लेकीच्या घराजवळ लिफ्ट असलेल्या इमारतीत लहान फ्लॅट घ्यावा, असे आई, भाऊ आणि त्या स्वतः अशा तिघांनी मिळून ठरवले आहे. बंगळुरूला असलेल्या भावाचे आणि एजंटचे म्हणणे असे, की 6-7 लाख रुपये खर्चून मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग आणि नव्या टाइल्स करून घ्याव्यात, म्हणजे घर लवकर आणि चढ्या भावाने जाईल. बेडरूमच्या एका भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते; तिच्यावर पीव्हीसीचे पॅनेल ठोकावे, असेही एजंटने सुचवले आहे. आई मात्र घरातली एकही वस्तू हलवू देत नाहीत. "मी इथे आहे तोवर घर असेच राहू दे," असे त्या म्हणतात. सोसायटीने भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) नामनिर्देशनाप्रमाणे आईंच्या नावावर केले असल्यामुळे कागदपत्रांची अडचण नाही, असे भगिनी लिहितात. आईला न दुखवता आणि भावाशी वाद न घालता घर विक्रीसाठी तयार कसे करावे आणि त्यावर किती खर्च करावा, हा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात खर्चाचा हिशेब विस्ताराने आला आहे, भिंतीच्या ओलीला एक वाक्य मिळाले आहे आणि कागदपत्रांचा विषय तर तुम्ही अडचण नाही म्हणून मिटवूनच टाकला आहे. मला हा क्रम उलटा असायला हवा असे वाटते. चाळीस वर्षांचे जुने घर पाहायला येणारा माणूस मनात शंका घेऊन येतो : पाणी मुरते का, वायरिंग ठीक आहे का, विकणाऱ्यांचे आपसात एकमत आहे का, बँक कर्ज देईल का. या शंकांची उत्तरे ज्या घरात मिळतात, ते घर जुन्या ओट्यासकट विकले जाते. उत्तरे मिळत नसतील, तर नवे किचन पाहून तो कौतुक करतो आणि पुन्हा फोन करत नाही.

सजावटीचा खर्च किमतीत वसूल होतो, हे तुमच्या भावाने गृहीत धरले आहे. तुमच्या घराला गिऱ्हाईक कोण येईल, याचा आधी विचार करा. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर बहुधा तरुण कुटुंब येईल, ज्यांना कोथरूडमध्येच राहायचे आहे, पण नव्या इमारतींचे दर परवडत नाहीत. अशा कुटुंबाला ओटा कुठे हवा, फ्रिज कुठे ठेवायचा, कपाटांचा रंग कोणता, हे स्वतः ठरवायचे असते. तुम्ही निवडलेल्या लॅमिनेटसाठी ते तीन लाख जास्त मोजतील, ही आशा मी ठेवणार नाही. दुसरा ग्राहक असतो पुनर्विकासावर नजर ठेवून जुने फ्लॅट घेणारा. त्याला तुमच्या घरातल्या कोणत्याच वस्तूत रस नसतो. तो चटईक्षेत्र (कार्पेट एरिया) पाहतो, प्लॉटचा आकार आणि समोरच्या रस्त्याची रुंदी पाहतो. म्हणून सुताराला बोलावण्यापूर्वी सोसायटीच्या सचिवांना एक प्रश्न अवश्य विचारा : सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय कुठवर आला आहे? वास्तुविशारद नेमण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर पुढे पाडल्या जाणाऱ्या भिंतींवर महागाच्या टाइल्स लावण्यात काहीच अर्थ नाही. उलट त्या सभेचे इतिवृत्त तुमच्या हाती असणे हीच विक्रीची मोठी तयारी ठरेल.

फॉल्स सीलिंगविषयी माझा विरोध आणखी स्पष्ट आहे. वरच्या मजल्यावरच्या जुन्या फ्लॅटमध्ये नवे कोरे फॉल्स सीलिंग दिसले, की जाणकार ग्राहक पहिल्यांदा हाच विचार करतो, की वर स्लॅबला काय झाले आहे. शिवाय त्याने खोलीची उंची कमी होते, आणि उंच छत व भरपूर उजेड ही तर त्या काळातल्या घरांची जमेची बाजू आहे. घर पाहायला नंतर आणखी एक माणूस येतो, तो म्हणजे ग्राहकाच्या बँकेने पाठवलेला मूल्यांकनकार. तो इमारतीचे वय आणि अवस्था पाहतो, क्षेत्रफळ मोजतो, मंजूर नकाशाशी ताडून पाहतो. छतातले दिवे त्याच्या अहवालात किंमत वाढवत नाहीत. बाल्कनी बंद करून खोलीला जोडली असेल, तर तो त्याविषयी मात्र नक्की विचारेल, तेव्हा महापालिकेची परवानगी किंवा शुल्काची पावती असल्यास ती शोधून ठेवा.

मग पैसे कुठे खर्चावेत? जिथे ग्राहकाचा हात जातो, तिथे. तो नळ सोडून पाहतो, फ्लश ओढतो, दिव्याची बटणे दाबतो, खिडकी सरकवतो, पावसात फुगलेले दार ओढून बघतो. गळणारे नळ बदला, बाथरूमच्या जाळीतून वास येत असेल तर प्लंबरकडून ती साफ करून घ्या आणि जुन्या बटणांचे बोर्ड नवे बसवा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, कारण एसी आणि गीझर लावायचा असणारा ग्राहक हे विचारतोच आणि 1986 सालच्या वायरिंगवर त्याचा विश्वास नसतो. प्रत्येक खोलीत पुरेसा प्रकाश देणारा दिवा लावा. पिवळट, धुळकट बल्बखाली चांगली खोलीही आजारी वाटते. तुमच्याकडे मोझाईकची फरशी असेल असा माझा अंदाज आहे. तिच्यावर टाइल्स चढवू नका. जमिनीची पातळी वाढते, दारे खालून कापावी लागतात, उंबऱ्यांशी उंचसखल होते आणि शेवटी ते काम ठिगळासारखे दिसते. तीच फरशी मशीनने घासून पॉलिश केली, तर त्यातले दगडाचे दाणे वर येतात आणि खोली उजळते. खर्चही टाइल्सच्या मानाने थोडाच येतो. कडप्प्याचा ओटा स्वच्छ घासून, सांधे भरून घेतला तरी पुरे. रंगकाम शेवटी, सगळ्या खोल्यांना एकच फिकट रंग. हे सगळे मिळून दीड लाखाच्या आसपास बसावे असे मला वाटते, पण दोन-तीन कारागिरांकडून लेखी दर घेतल्याशिवाय आकडा पक्का धरू नका.

आता त्या ओल्या भिंतीविषयी. पॅनेल ठोकण्याचा सल्ला तुम्ही मानू नये, असे मी आग्रहाने सांगते. ओल पॅनेलमागे वाढतच राहते, बुरशी धरते, प्लॅस्टर सुटते, आणि ज्या कुटुंबाने आयुष्यभराची बचत घालून ते घर घेतले, त्यांच्या मुलाच्या बिछान्यामागे ती भिंत उभी असते. कायद्याचीही बाजू स्पष्ट आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सामान्य काळजी घेऊनही लक्षात येणार नाही असा महत्त्वाचा दोष घेणाऱ्याला सांगणे, हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. उघड्या भिंतीवरचे पोपडे निदान दिसतात. पॅनेल लावून तुम्ही तो दोष स्वतः होऊन दडवलेला असेल. व्यवहार झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात फोन येईल, आणि तो एजंटला नाही, तुम्हाला येईल.

त्याऐवजी ओलीचे मूळ शोधा. पाऊस सुरू झाल्यावर डाग पसरत असेल आणि उन्हाळ्यात वाळत असेल, तर पाणी गच्चीतून, कठड्याच्या सांध्यातून किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येत असणार. बारा महिने डाग ओलाच राहत असेल, तर भिंतीपलीकडचे बाथरूम, आतले नळ किंवा गच्चीवरची पाण्याची टाकी तपासायला हवी. पावसाळा संपल्यावर गच्चीचे पाणी जाण्याचे मार्ग बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवले, तर दोष गच्चीत आहे की नाही ते बऱ्यापैकी कळते. गच्ची आणि बाहेरची भिंत यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते, सभासदाने एकट्याने नव्हे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही, म्हणजे नमुना नियमांतही, पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चात धरलेली आहे. तेव्हा सचिवांना आजच छायाचित्रांसह लेखी पत्र द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी तक्रार तुमच्या वडिलांनी अनेकदा केली असेल, पण तिची नोंद कुठेच नसते. दोष आतल्या नळाचा निघाला, तर तो खर्च तुमचा, आणि तो टाळू नका.

दुरुस्तीनंतर लगेच रंग लावण्याची घाई करू नये. सुटलेले प्लॅस्टर काढून भिंत काही आठवडे उघडी ठेवून वाळू द्यावी लागते. ओल्या भिंतीवर लांबी (पुट्टी) आणि रंग चढवला, की पुन्हा फुगे येतात आणि केलेला खर्च वाया जातो. सोसायटीने दुरुस्ती लांबणीवर टाकली, तर भिंत आहे तशी दाखवा, पत्राची प्रत दाखवा आणि किमतीत त्याचा विचार करायची तयारी ठेवा. सांगितलेल्या दोषाची किंमत ठरवता येते. ग्राहकाने स्वतः शोधून काढलेल्या दोषानंतर मात्र तो बाकीच्या घरावरही अविश्वास दाखवू लागतो.

आईंविषयी तुम्ही लिहिले आहे, की त्या अडून बसल्या आहेत. मला त्यांचे वाक्य पुन्हा वाचावेसे वाटले. घर विकू नका असे त्या म्हणत नाहीत. मी इथे आहे तोवर असे त्या म्हणतात. घर सोडायला त्यांनी होकार दिला आहे आणि स्वतः त्यात राहत असताना ते रिकामे होताना पाहायला नकार दिला आहे. चाळीस वर्षे ज्या स्वयंपाकघरात न बघता हाताला डबा सापडतो, तिथे रोज काहीतरी नाहीसे होणे हे त्या वयात फार जड असते, आणि नजर व तोल सांभाळताना ते धोक्याचेही असते. म्हणून शक्य असेल तर क्रम बदला. आई आधी नव्या जागेत जाव्यात, मग जुने घर आवरावे. पैशांची सोय विक्रीनंतरच होणार असेल, तर काही महिन्यांसाठी तुमच्या घराजवळच एखादा फ्लॅट भाड्याने घ्या किंवा त्यांना तुमच्याकडे आणा. त्या सहा लाखांतला काही भाग या भाड्यावर खर्च झाला, तर तो मला सगळ्यात योग्य खर्च वाटेल.

नव्या घरात काय न्यायचे, हे आईंनी निवडावे. काय टाकायचे, या प्रश्नापासून सुरुवात करू नये. देवघर, रोजची भांडी, त्यांची खुर्ची, शिलाई मशीन, वडिलांचा फोटो, एखादे कपाट, हे आधी तिकडे मांडले जावे आणि त्यांनी एकदा जाऊन ते पाहावे. मग उरलेल्या वस्तूंकडे पाहणे सोपे जाते. माळ्यावरची पिंपे, पितळी भांडी, पाटा-वरवंटा, गाद्या, ट्रंका यांपैकी नातेवाइकांना काय द्यायचे तेही त्यांनीच ठरवावे आणि शक्यतो स्वतःच्या हाताने द्यावे. भंगारवाल्याला बोलावण्याचे काम मात्र त्यांच्यासमोर करू नका. आणि एक खबरदारी : जुन्या कपाटातले कागद, पासबुके, पोथ्यांत ठेवलेल्या पावत्या पाहिल्याशिवाय काहीही बाहेर जाऊ देऊ नका, कारण आपल्याला लागणारे मूळ दस्त अनेकदा तिथेच सापडतात.

आई तिथे राहत असतानाच घर दाखवावे लागले, तर पूर्ण रिकामे करण्याचा हट्ट सोडा. बैठकीच्या खोलीत चालायला मोकळी वाट, खिडक्यांसमोर काही नाही, बाल्कनीतले अडगळीचे सामान हललेले आणि ओटा मोकळा, एवढे झाले तरी घर मोठे दिसते. तेवढ्यासाठी आईंची समजूत घालता येईल. पण दर शनिवार-रविवारी दोन तास ठरवून घ्या आणि बाकीच्या वेळी एजंटला कुणालाही घेऊन येऊ देऊ नका. एकट्या वृद्ध बाईंच्या दारात अनोळखी माणसे कधीही उभी राहणे सुरक्षित नाही. दागिने आणि मूळ कागद त्या काळात घरात ठेवू नयेत, आणि जाहिरातीच्या छायाचित्रांत औषधे, नावाची पाटी, घरच्या माणसांचे फोटो येऊ देऊ नका. छायाचित्रे सकाळच्या उजेडात, दिवे लावून घ्यावीत.

कागदपत्रांकडे मी मुद्दाम शेवटी वळते आहे, कारण तिथे तुमचे गृहीतकच चुकते आहे आणि तीच चूक अनेक वाचक करतात. नामनिर्देशनाने आईंचे नाव सोसायटीत लागले, म्हणजे घर एकट्या त्यांच्या मालकीचे झाले असे नाही. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने ते सांभाळते. फ्लॅट एकट्या वडिलांच्या नावावर असेल, त्यांनी मृत्युपत्र केले नसेल आणि तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर वडिलांच्या पश्चात आई, भाऊ आणि तुम्ही तिघेही समान वाटेकरी आहात, अर्थात वडिलांच्या आई तेव्हा हयात नव्हत्या असे धरून. म्हणजे तिघांनीही खरेदीखतावर सह्या करायच्या, किंवा तुम्ही आणि भावाने आईंच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) आधी करायचे. यातले काय सोयीचे, हे वकिलांना करांचा हिशेब सांगून ठरवा. भाऊ परदेशी असता, तर मुखत्यारपत्र आणि करकपात यांत आणखी वेळ गेला असता; तशी स्थिती असलेल्या वाचकांनी हे काम जाहिरातीच्या कितीतरी आधी सुरू करावे.

ग्राहकाचा वकील 1986 चा मूळ करारनामा मागेल. 10 डिसेंबर 1985 पासून महाराष्ट्रात ताब्यासह होणाऱ्या अशा करारावरही खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागू झाले, म्हणून तुमच्या करारावर ते पुरेसे भरले आहे का आणि करार नोंदवला आहे का, हे आपल्या वकिलांकडून आधीच तपासून घ्या. त्यासोबत भागपत्र, वडिलांचा मृत्यूदाखला, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची आणि सोसायटीच्या देण्यांची अलीकडची पावती, वीजबिलावरचे नाव आणि सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकी हक्काचे हस्तांतरण) झाले आहे की नाही याची माहिती, हे सगळे एका फाइलमध्ये लावा. किंमत ठरवताना एजंटच्या शब्दावर थांबू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्या परिसरातले नोंदवलेले व्यवहार पाहता येतात. शेजारच्या इमारतीतले जुने फ्लॅट प्रत्यक्षात कितीला गेले, ते तिथे दिसते.

कराविषयी थोडक्यात एवढेच, की 23 जुलै 2024 किंवा त्यानंतरच्या विक्रीवर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर 12.5 टक्के आहे, आणि त्यापूर्वी मिळालेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह (खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरून) 20 टक्क्यांच्या पद्धतीने हिशेब करून कमी येईल तेवढाच कर भरण्याची मुभा आहे. वडिलांनी घर 1 एप्रिल 2001 पूर्वी घेतल्यामुळे त्या तारखेचे मूल्य आधार धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. विक्रीनंतर दोन वर्षांत किंवा त्याआधी एक वर्षात घेतलेल्या घरात गुंतवलेल्या नफ्यावर सूट मिळते, पण ती ज्याचा नफा त्याने घेतलेल्या घराला. म्हणून आईंचा नवा फ्लॅट कुणाच्या नावावर घ्यायचा, हे हक्कसोडपत्राच्या प्रश्नाबरोबरच सनदी लेखापालांना विचारा. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती यांचा खर्च नफ्यातून सहसा वजा होत नाही, हेही भावाला सांगायला हवे.

भावाशी वाद होईल ही तुमची भीती मी समजू शकते. तो दूर आहे, आईंची रोजची काळजी तुम्ही घेता, आणि खर्च सुचवून आपण काहीतरी करतो आहोत असे त्याला वाटत असावे. त्याच्या कल्पनेला नुसता नकार न देता त्याला काम द्या. ई-सर्चवरून व्यवहारांचे आकडे काढणे, वकील आणि सनदी लेखापाल यांच्याशी बोलणे, करारनाम्याच्या प्रती मागवणे, हे सगळे बंगळुरूमध्ये बसून होते. शेजारच्या इमारतींतल्या फ्लॅटचे प्रत्यक्ष आकडे त्याने स्वतः पाहिले, की मॉड्युलर किचनचा खर्च त्यात कुठे बसतो, याचा निर्णय तुम्ही दोघे मिळून घेऊ शकाल. एजंटला मात्र तुम्ही स्वतः सांगा, की भिंत झाकायची नाही. आणि दलाली किती, ती कधी द्यायची, हे लेखी ठरवून घ्या.

भिंतीची दुरुस्ती होऊन ती वाळेपर्यंत जे दोन-तीन महिने जातील, त्यात कागद पुरे होतील आणि आईंचे स्थलांतरही होऊ शकेल. पितृपक्षात घराची बोलणी पुढे नेणारे कमीच भेटतात, दसऱ्यापासून विचारणा वाढते. पहिला खरा इच्छुक ग्राहक आला, की घर दाखवून झाल्यावर त्याला बसवा, गच्चीच्या दुरुस्तीचे पत्र आणि कागदांची फाइल त्याच्यासमोर ठेवा आणि तो विचारण्याआधी ओलीची हकिगत तुम्ही स्वतः सांगा.

तुमची,
सदरलेखिका